हो, हो, हो...

तर झालं असं की, रात्री दोन वाजता उठून एका प्रश्नाला 'हो' म्हणायचा मला कंटाळा आला होता. सर्व्हरवरचा बॅकअपचा प्रोग्राम मध्येच थांबून विचारायचा, "पुढे जाऊ?" 'वाय' दाबलं की गाडी पुढे.

युनिक्समध्ये यावर जुना तोडगा आहे, 'येस' नावाची कमांड. थांबवेपर्यंत ओळीमागून ओळ 'वाय' छापत राहणं एवढंच तिचं काम. पाइपच्या उभ्या रेघेने ती बॅकअपला जोडली, क्रॉनमध्ये टाकली आणि मी झोपायला मोकळा!

काही महिन्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्न : "जागा कमी आहे, जुने बॅकअप काढून टाकू?" उत्तर अर्थातच 'हो'. अशा अकरा रात्री गेल्या. बाराव्या दिवशी एक जुनी फाइल हवी होती, ती नव्हती. लॉगमध्ये प्रश्न मात्र स्वच्छ छापलेला. त्याने रीतसर विचारलं होतं, ऐकायलाच कोणी नव्हतं.

मग 'एक्स्पेक्ट' शिकलो. डॉन लिब्स यांनी ते १९९० मध्ये लिहिलं. पाइप समोरचं काही न वाचता उत्तरं ओततो. एक्स्पेक्ट आधी प्रश्न वाचतो, मग उत्तर देतो. समोरच्या प्रोग्रामला तो खोटं टर्मिनल देतो, त्यामुळे एसएसएचसारखे थेट टर्मिनलवरून पासवर्ड मागणारेही त्याच्याशी बोलतात. (पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये, हे वेगळं सांगायला नको.) एक खोच आहे. ओळखीचा प्रश्न दहा सेकंदांत आला नाही, तर तो मुकाट पुढच्या ओळीवर जातो. तिथे 'थांब' हे आपणच लिहावं लागतं. मी लिहिलं. आता अनोळखी प्रश्न आला की स्क्रिप्ट थांबते आणि मला मेल येते.

असो. दर रविवारी आईचा फोन येतो. जेवलास का? हो. झोप होते ना? हो. माझी नजर स्क्रीनवर. परवा ती बोलता बोलता थांबली.

"अरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला एकटीच जाऊ का विचारलं, तर हो म्हणालास."

मी लॅपटॉप मिटला.

"आई, परत विचार."