एक घास

आमच्या घरी पान वाढले की गाईचा आणि कावळ्याचा घास आधी काढून ठेवायचा, ही रीत आहे. दाराशी आलेल्या मुक्या जिवाला विन्मुख धाडू नये, ही सासूबाईंची शिकवण. इंदूरचा जुना वाडा सुटला, पण ती रीत सुटली नाही. या शिकवणीची दुसरी बाजू मला कळली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कॅनडातील युकॉन प्रदेशात.

लेक व जावई मला डेम्पस्टर महामार्गाने उत्तरेकडे नेत होते. डॉसन गावाजवळून निघून ध्रुववृत्त ओलांडणारा हा खडीचा रस्ता १९७९ मध्ये खुला झाला. आरंभापासून ईगल प्लेन्सपर्यंत सुमारे पावणेचारशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. टोकदार खडीने टायर फाटतात, म्हणून जावयांनी दोन जादा टायर घेतले होते. अस्वलासाठी फवाऱ्याचा डबा होता. त्यात आपल्या मिरचीच्या तिखटपणाचाच अर्क! पायवाटेवर अस्वल अवचित सामोरे येऊ नये म्हणून बोलत चालायचे, आणि आलेच तर पळायचे नाही, असे मला बजावले होते. मी मोठ्याने रामरक्षा म्हणत चालले.

पहिला मुक्काम टूम्बस्टोन उद्यानात पडला. रात्रीचे दहा वाजले तरी वाचता येईल इतका उजेड होता. लेक म्हणाली, "आई, तंबूत खाण्याचं काही ठेवू नकोस. साबण आणि तुझं केसांचं तेलसुद्धा गाडीत दे. वासाला ती जनावरं येतात." मी सारे दिले, मात्र बेसनाच्या लाडवांचा लहानसा डबा उशाशी लपवला. प्रवासात रात्री काहीतरी तोंडात टाकायची माझी जुनी खोड.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या उतारावर एक तपकिरी अस्वल दिसले. थंडीपूर्वी अंगावर चरबी चढवण्यासाठी ते खाली मान घालून रानफळे ओरबाडत होते. मी सहज म्हणाले, "बिचारं भुकेलं दिसतंय. एखादा लाडू ठेवला तर?"

लेक हसली नाही. म्हणाली, "माणसाच्या अन्नाची चटक लागली की त्याची भीती मरते. मग ते तंबूंशी, गाड्यांशी येऊ लागतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. आई, इथे घास घालणं म्हणजे जीव घेणं."

तंबूत आडवी झाले, पण डोळा लागेना. उशाशी चार लाडू. भीती माझ्या जिवाची होतीच. शेजारी लेक निजली होती, तिचीही होती. पण त्याहून बोचत होते ते निराळेच. त्या निरपराध प्राण्याचे मरण मी माझ्या हाताने वळून आणले होते.

अखेर लेकीला हलवून सांगितले. ती रागावली नाही. जावई उठले, एका हातात फवारा व दुसऱ्यात डबा घेऊन मोठ्याने बोलत गाडीपर्यंत गेले आणि परतून एवढेच म्हणाले, "आई, आता झोपा."

सकाळी ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत पावलांचे ठसे दिसले. बोटांच्या बरेच पुढे लांब नखांच्या खुणा होत्या. ते संध्याकाळचे की रात्रीचे, हे मी विचारले नाही.

इंदूरला परतल्यावर कावळ्याचा घास मी पूर्ववत काढते. तो आमच्या अंगणातला. तिथे मात्र अंगण त्याचे होते आणि पाहुणी मी. पाहुण्याने आपला डबा झाकून ठेवावा, हेच तिथले दान.