दातांचा विमा, आईच्या हिरड्या आणि एक पिचकारी

आरोग्य विमा घेताना आपण एजंटला हृदय, किडनी, गुडघे असं सगळं विचारतो. दातांचं कुणी विचारत नाही. विचारलं तर कळेल, की बहुतेक पॉलिसींमध्ये अपघातात दातांना मार बसून भरती व्हावं लागलं तरच पैसे मिळतात. रूट कॅनाल, हिरड्यांचे उपचार, कवळी हे सगळं ‘ओपीडी’त, म्हणजे आपल्या खिशातून. हा हिशेब मी गेल्या वर्षी आईच्या निमित्ताने मांडला.

आई ६८ वर्षांची. चौदा वर्षांपासून शुगर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पन्नाशीपर्यंत तिने मिश्री लावली. भाजलेली तंबाखूच ती, पण गावात तिला दात घासणंच म्हणतात. नातीने नाक मुरडलं तेव्हा सुटली. गेल्या वर्षी आई भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली. विचारलं तर म्हणाली, "वय झालं की दात हलणारच."

डेंटिस्ट बाईंनी हे साफ खोडून काढलं. दात वयाने पडत नाहीत, हिरडीच्या आजाराने पडतात. दातांवर जमणारा चिकट थर वेळेत निघाला नाही तर कडक होऊन त्याचं किटण होतं. हिरडी सुजते, रक्त येतं, हळूहळू दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजतं. शुगर वाढलेली असेल तर हा आजार जोर धरतो आणि हिरडीतला संसर्ग वाढला की शुगर आटोक्यात राहत नाही. दोन्हीकडून मार. आईच्या दोन दाढा काढाव्या लागल्या, बाकीच्या दातांची खोलवर सफाई चार बैठकांत झाली.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. ब्रशचे केस दोन दातांच्या फटीत पोचत नाहीत, म्हणून रोज धाग्याने म्हणजे फ्लॉसने फट साफ करा असं सांगतात. आईची बोटं संधिवाताने आखडलेली. सकाळी तिला पदराची पिन लावता येत नाही, ती धागा बोटांना गुंडाळून दाढेपर्यंत कशी नेणार? तेव्हा बाईंनी वॉटर फ्लॉसर सुचवला.

यंत्र साधं आहे. पाण्याची छोटी टाकी, मोटर आणि बारीक नळी. पाणी सलग न येता मिनिटाला शेकडो झटक्यांत येतं आणि फटीतले अन्नकण, मऊ थर धुऊन काढतं. आई बघताक्षणी म्हणाली, "ही तर रंगपंचमीची पिचकारी!" घरात तेच नाव पडलं. ही काही आजची टूम नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावात जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंगली हे इंजिनिअर, या दोघांनी १९६२ साली ती बनवली.

वापरणाऱ्यांसाठी अनुभवाचं चार ओळींत सांगतो. कोमट पाणी घ्या. सुरुवात सगळ्यात कमी दाबाने करा. नळी आधी तोंडात, मग बटण. उलटं केलंत तर आरसा धुऊन निघतो. बेसिनवर वाकून ओठ थोडे मिटा, म्हणजे पाणी आपसूक बाहेर पडेल. हिरडीच्या कडेने एकेका फटीवर क्षणभर थांबत पुढे सरका. दीड-दोन मिनिटांत काम होतं. टाकीत पाणी साठवून ठेवू नका. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून नळी तुंबते, म्हणून आम्ही पिण्याचं पाणी वापरतो. प्रत्येकाची नळी वेगळी. आणि हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मर्यादाही सांगायला हव्यात. ही पिचकारी ब्रशची जागा घेत नाही. जमलेलं किटण तिने निघत नाही, ते डेंटिस्टकडेच काढावं लागतं. पण ज्यांची बोटं चालत नाहीत, ज्यांना ब्रिज किंवा तारा बसवल्यात, त्यांना तिचा खरोखर उपयोग होतो. आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं दोनेक महिन्यांत थांबलं. शुगरही उतरली, पण गोळीचा डोसही बदलला होता, त्यामुळे सगळं श्रेय पिचकारीला देणार नाही.

आता मुद्द्याचं. हे यंत्र दीड-दोन हजारांपासून पुढे मिळतं. आम्ही घेऊ शकलो. गावातल्या आईच्या मैत्रिणींचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलंच झालं. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, टपरीवर जाऊन बघा किती आहे ते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे उपचार स्वस्तात होतात. पण माण-खटावच्या बाईने दाढेसाठी मुंबई गाठायची कशी, आणि चार बैठकांसाठी चारदा?

माझी मागणी छोटी आहे. तिशीपुढच्या लोकांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करायचीच असते. म्हणजे तोंड उघडून बघायचंच आहे. त्याच वेळी हिरड्याही बघा. सूज, रक्त, हलणारा दात, एवढं शुगरच्या कार्डावर लिहा आणि तालुक्याच्या ठिकाणी दंतचिकित्सकाकडे पाठवा. तिथली दंतचिकित्सकाची खुर्ची भरलेली आहे ना, हे मात्र आपल्या जिल्हा परिषद सदस्याला आणि आमदाराला विचारावं लागेल. रस्त्याचं विचारतो तसंच.

आणि आज घरी फोन कराल तेव्हा आई-वडिलांना जेवलात का यासोबत एवढंही विचारा: दात घासताना रक्त येतं का? "येतं थोडंसं, त्यात काय," असं उत्तर आलं, तर याच आठवड्यात त्यांना दाखवून या.