तेरचं तगर, नळदुर्गचं पाणी

भाद्रपदात तेरला पोचलो तेव्हा तेरणेला थोडं पाणी होतं. काठावर गोरोबाकाकांची समाधी, आणि गावाच्या पोटात त्याहून कितीतरी जुनं शहर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासनोंदीत तगर येतं: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असं शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की अभ्यासकांना पॉम्पेईतली भारतीय मूर्ती आठवते. विटांचं त्रिविक्रम मंदिर तर मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचं मानतात. एवढा व्यापार या कोरडवाहू मुलखात उभा राहिला.

तिथून नळदुर्ग. हैदराबादच्या रस्त्यावरून किल्ल्यात शिरलं की बोरी नदीचा आवाज आधी येतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास, नदीवर भक्कम दगडी बंधारा घातला गेला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपकिल्ला मुख्य किल्ल्याला जोडला गेला. बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि महालाच्या झरोक्यातून बघणारा कोरडाच राहतो. मी तिथे बराच वेळ उभा होतो. संरक्षण, साठवण आणि सौंदर्य एकाच भिंतीत बसवणारी ही कारागिरी मला अजिंठ्याइतकीच मोलाची वाटते.

1853 च्या तहाने निजामाचा हा भाग इंग्रजांकडे आला, तेव्हा कर्नल मेडोज टेलर कारभारी म्हणून नळदुर्गला राहिला. त्याआधी शोरापूर भागात त्याने महापाषाणयुगीन दफनं उकरून त्यांची काळजीपूर्वक नोंद केली होती. थडग्यांतून प्राचीन वस्तीचा माग काढणारा हा माणूस पुढे इथे, पाण्याच्या या भिंतीशेजारी राहिला, हा योग मला फार बोलका वाटतो.

तेर-नळदुर्गच्या या जिल्ह्यात आज टँकरची चर्चा होते, तेव्हा या बंधाऱ्याचं नाव क्वचितच निघतं. ते निघायला हवं. सोलापूरहून नळदुर्ग जवळच आहे; पाऊस चांगला झाला की नर-मादी वाहत असताना जा, आणि जमलं तर तेरही त्याच फेरीत बघा.