मागच्या रांगेतली माणसे

लग्नपत्रिका हा आपल्याकडचा मोठा उदार वाङ्मयप्रकार आहे. तीत आजोबा-आजी असतात, काका-मामा असतात, गावचे सरपंच असतात, समस्त मित्रमंडळ असते. आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ असे बजावणारी, अजून धड बोलताही न येणारी चिमुरडी मंडळीसुद्धा असतात. राहून जातात ती दोनच माणसे. एक लग्न लावणारे भटजी आणि दुसरा फोटोग्राफर. त्यांतही भटजींवाचून एक वेळ भागते; नोंदणी कचेरीत सह्या केल्या की लग्न होते. पण फोटोवाचून लग्न झाले असे मानायला मुलीकडचे तयार नसतात आणि मुलाकडचे तर त्याहून नसतात.

या दुसऱ्या माणसाच्या मागे पिशवी घेऊन हिंडण्यात माझ्या सहा लग्नसराया गेल्या. १९९७ ते २००२ या काळातल्या. आज मी शाळेत शिकवतो आणि जमेल तशा कादंबऱ्या लिहितो. पण माणसे पाहायला मी शिकलो ते मांडवात. आमचे गाव सुलतानपूर, लोणार तालुक्यातले. उल्का पडून झालेल्या सरोवरामुळे लोणार जगाच्या नकाशावर गेले. आम्ही त्याचे शेजारी, एवढीच आमची कीर्ती. मी ज्यांच्या हाताखाली होतो त्या फोटोग्राफरना सारे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणे.

भाऊंजवळ पेन्टॅक्सचा के-१००० कॅमेरा होता. १९७६ पासून वीस वर्षे कंपनीने तो फारसा न बदलता बनवला. धातूचा, जड आणि कधी कुरकुर न करणारा. त्याच्यावर फ्लॅश चढवला की पडद्याची गती सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवावी लागे. त्याहून जलद ठेवली, तर पडदा पुरता उघडण्याआधीच उजेड पडे. म्हणजे फोटोत नवरी उजळलेली आणि नवरदेव काळोखात! अंतराचा हिशेब तोंडपाठ असावा लागे. दहा फुटांवर आठ नंबरचे छिद्र, वीस फुटांवर चार नंबरचे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, हा नियम मी पुढे वर्गात पुष्कळदा शिकवला; पण मला तो प्रथम कळला तो पंगतीत, वरणाची बादली चुकवीत मागे मागे सरकताना.

एका रोलमध्ये फोटो छत्तीस. रोल हलक्या हाताने चढवला तर सदतिसावाही निघे, आणि तो निघाला की भाऊंचा चेहरा शेतात मोहोर सापडल्यासारखा होई. साध्या घरच्या लग्नाला दोन रोल ठरत. म्हणजे बहात्तर फोटोंत सारे लग्न बसवायचे. हळद, सीमान्तपूजन, मुहूर्त, सप्तपदी, कानपिळी, विहिणींची पंगत, झाल, पाठवणी. बहात्तर हा आकडा सकाळी केवढा मोठा वाटतो आणि दुपारी केवढा लहान होतो, हे ज्याने महिनाअखेरीस पगार मोजला आहे त्याला सांगायला नको.

हार घालणे पुन्हा करता येते. घास भरवणे तर चार वेळा करता येते. नवरदेवही तक्रार करीत नाही. पण अंतरपाट एकदाच खाली येतो. वैशाखातली दुपार, पत्र्याच्या किंवा कापडाच्या मांडवात शिजत असलेली माणसे, शेवटचे मंगलाष्टक, आणि मग एकदम चारी बाजूंनी येणाऱ्या ज्वारीच्या अक्षता. त्या एका क्षणी कॅमेरा वर असला पाहिजे, फ्लॅश भरलेला असला पाहिजे आणि मध्ये कोणाचा मामा असता कामा नये. मामा हटकून असे. भाऊ त्याला डाव्या कोपराने बाजूला करीत आणि उजव्या हाताने लग्न टिपीत. आमच्याकडे काही घरांत अशी रीत होती, की मंगलाष्टके चालू असताना मुलीच्या आईने मांडवात थांबू नये, तुळशीपाशी जाऊन उभे राहावे. त्यामुळे जो फोटो पुढे भिंतीवर लागायचा त्यात ती माउली कधीच नसे. भाऊ अक्षता पडल्या की धावत मागच्या अंगणात जात आणि तुळशीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईचा एक फोटो काढीत. तो कोणी सांगितलेला नसे. आल्बम हातात पडल्यावर मात्र मुली त्या पानापाशी थांबत.

खरी कसोटी पुढेच असे, आहेराची. आहेर करणाऱ्या प्रत्येकाला नवरानवरीजवळ उभे राहून फोटो हवा असतो. एवढे रोल आणायचे कोठून? यावर धंद्यात एक जुनी युक्ती होती. फ्लॅशच्या पाठीवर तपासणीचे एक बारीक बटण असते. ते दाबले की लख्ख उजेड पडतो; रोल मात्र जागचा हलत नाही. पाहुणे खूश, यजमान खूश, रोल शिल्लक. याला आम्ही ‘कोरा फ्लॅश’ म्हणत असू. त्या काळच्या कितीतरी लग्नांत लोकांनी फेट्याचे टोक सावरून, छाती काढून जे हास्य केले, ते थेट हवेत विरून गेले आहे!

भाऊही कोरा फ्लॅश मारीत. पण त्यांचा एक नेम होता. पुढारी, सावकार, अडते, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले साहेब, ज्यांचे फोटो इतरत्र निघतात अशा सर्वांना कोरा उजेड. एखादी म्हातारी पदर सावरीत व्यासपीठाची पायरी चढू लागली, किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा एखादा माणूस अकरा रुपयांचे पाकीट हातात धरून संकोचाने कडेला उभा राहिला, की भाऊंचे बोट आपोआप खऱ्या बटणावर जाई. मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पुढाऱ्याले फोटो कमी हायेत का? याचा हा एकच राहीन.”

या वाक्यातले खरेपण कळायला मला पुढचा पावसाळा यावा लागला.

कॅमेरा आपल्याकडे तसा जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके हेही त्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करणारे, आमच्या भाऊंच्याच जातकुळीतले. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, त्याने मरण येते, अशी समजूत पसरल्यामुळे बडोद्यात त्यांच्या धंद्याला खीळ बसली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पण मुंबई-बडोद्याला शंभर वर्षे झाली म्हणून आमच्या शिवारात कॅमेरा आला असे होत नाही. आमच्याकडे तो आला दुसऱ्याच्या लग्नात. स्वतःहून स्टुडिओत जाऊन, खुर्चीवर बसून फोटो काढून घेणारा माणूस विरळा. फोटो निघायचा तो कोणाच्या तरी मांडवात, कोणाच्या तरी मागे उभा असताना.

पावसाळ्यात लग्ने नसत. दुकानात फोटो काढायला कोणी येत नसे. येत ती माणसे फोटोतून माणूस काढून न्यायला. घरातले कोणी गेलेले असे, तेरवी तोंडावर आलेली असे, आणि हार घालायला घरात चेहराच नसे. मग कोणाला तरी आठवे, की अमक्याच्या लग्नात ते होते. भाऊ निगेटिव्ह शोधीत, चेहरा मोठा करून घेत, खांद्यावरचा परका हात रंगाने पुसून टाकीत, मागे निळे आकाश भरीत. मांडवातल्या गर्दीतला माणूस असा एकटा होऊन भिंतीवर जाई.

एका आषाढात एक बाई मुलाला घेऊन आल्या. पोरगा सातवी-आठवीतला असेल. नवरा जाऊन आठवडा झाला होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला बोलावलेला नव्हता आणि नंतर कधी प्रसंग आला नव्हता. बाई दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, “पाटलाच्या पोरीच्या लग्नात हे वाढाले होते, भाऊ. तुमचा उजेड त्यांच्यावर पडला तं मी पाह्यलं होतं. म्हनून आली.”

भाऊंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. प्रत्येक पाकिटावर गाव, तारीख आणि घराचे नाव लिहिलेले. त्यांनी एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हवर काळे केस पांढरे दिसतात, उजळ चेहरा काळा पडतो. आपल्याला सख्खा भाऊ ओळखू येणार नाही. भाऊंना येई. बऱ्याच वेळाने ते थांबले. विहिणींच्या पंगतीचा फोटो होता. पुढे दोघी विहिणी एकमेकींना घास भरवीत होत्या. आणि त्यांच्या मागे एक माणूस बुंदीची बादली घेऊन वाकला होता. पंगतीच्या टोकाला बसलेल्या कोणा पोराकडे पाहून तो हसत होता.

रोल धुवायला आणि फोटो मोठे करायला जालन्याला पाठवावे लागत. तीन दिवसांनी एस.टी.ने कागद आला. भाऊ रंगाची कुंचली घेऊन बसले आणि बाईंना म्हणाले, “आता ही बादली काढून टाकतो, मागं निळा रंग देतो. चांगला साहेबासारखा दिसंन.”

बाईंनी फोटो हातात घेतला. मुलाने मान वर करून पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाई म्हणाल्या, “राहू द्या भाऊ बादली. कोनाच्याबी लग्नात ते वाढालेच राहत.”

तो फोटो तसाच गेला. भाऊंनी पैसे घेतले ते कागदापुरते. काढण्याचे पैसे लग्नवाल्याने दिलेत, असे म्हणाले आणि डबा बंद करून फळीवर ठेवला.

पुढे मी पुष्कळ वेळा विचार केला, की तो माणूस त्या फोटोत आला कसा? त्याला कोणी उभे केले नव्हते. भाऊंनी नेम धरला होता तो विहिणींवर. त्याला आत घेतले ते त्या आठ नंबरच्या छिद्राने. छिद्र जितके बारीक तितका फोटोत पुढचा आणि मागचा माणूस सारखाच स्पष्ट येतो, हा भिंगाचा गुण आहे. आमचा फ्लॅश दुबळा, भिंग साधे, कलाकुसर बेताची. पण त्या साधेपणात मागच्या रांगेला जागा होती. जुन्या आल्बमवर आपण हसतो, की केवढी ही गर्दी, कोण हा मध्येच डोकावतो आहे! डोकावणाऱ्याच्या घरी कदाचित त्याचा तेवढाच चेहरा शिल्लक असेल.

आज आमच्या भागातली लग्ने पाहिली की मन दिपून जाते. डोक्यावर ड्रोन फिरतो, पडद्यावर लग्न लागतानाच दिसते, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी लोणारकडे जातात. कोऱ्या फ्लॅशची गरज राहिलेली नाही, ही केवढी चांगली गोष्ट! म्हातारीलाही चार फोटो मिळतात आणि पुढाऱ्यालाही. जुन्याचे गोडवे गाऊन नव्याला नावे ठेवण्याचा माझा स्वभाव नाही. पण नव्या पोरांचे काम पाहताना एक गोष्ट मला खटकते. त्यांची भिंगे महाग आणि छिद्रे मोठी. त्यांना आवडते ते नवरानवरीचा चेहरा लख्ख आणि मागचे सारे धूसर. फोटो देखणा येतो यात शंका नाही. मात्र त्या धूसर रंगांच्या ठिपक्यांत बादली घेऊन वाकलेला माणूस कोणता, हे उद्या कोणालाच शोधता येणार नाही.

दुसरी गोष्ट मोजदादीची. बहात्तराचे आता तीन-तीन हजार झाले, पण ते राहतात कोठे? फोनमध्ये, नाहीतर बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये. फोन पाण्यात पडतो, पेनड्राइव्ह कपाटाच्या फटीत जातो. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीनेच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तेथे आमच्या दुकानातल्या फळीची काय कथा? भाऊ गेले, दुकानही राहिले नाही. त्यांचे डबे मात्र त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणून दिले. काही पट्ट्या ओल लागून चिकटल्या आहेत. पाकिटावर गाव आहे, तारीख आहे, घर आहे. माणसांची नावे नाहीत. ती भाऊंच्या डोक्यात होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी गावातल्या एखाद्या वयस्क बाईंना घरी बोलावतो, चहा होतो, आणि एकेक पट्टी उजळून त्यांच्यापुढे धरतो. एका दुपारी सात-आठ नावे मिळाली की दिवस कारणी लागला असे वाटते.

दिवाळीच्या झाडलोटीत तुमच्याही कपाटातून आल्बम निघालाच असेल. फराळाला माणसे जमतील, पोरे तो उलटून आईबाबांच्या केसांना हसतील. हसू द्यावे. त्यानंतर मात्र घरातल्या सर्वांत वडील माणसाला जवळ बसवावे, हातात मऊ शिसाची पेन्सिल घ्यावी आणि फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने नावे लिहावीत. शाईचे पेन घेऊ नये. शाई पुढे फुटते. आणि सुरुवात मागच्या रांगेपासून करावी. पुढच्या रांगेतल्यांची नावे पत्रिकेत छापलेली आहेतच.