हाताला गुण कशाने येतो

गावाकडे एखाद्या सुईणीविषयी सहज म्हटलं जातं, 'तिच्या हाताला गुण आहे.' आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे कौतुक अर्धवट वाटतं. गुण असतो, पण तो उपजत असतो हे पटत नाही, आणि न पटण्याचं सर्वांत भक्कम कारण जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवायचा त्यांचा बेत होता. तो फसला. नर्सबाईंना खेड्यात राहणं जमेना आणि गावालाही त्या परक्याच वाटत. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. कुठल्याही प्रवेश परीक्षेत त्यांचा नंबर लागला नसता. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये या भागात हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला.

या बायका आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करून शिकत, आणि पुढच्या खेपेला गावात काय घडलं ते सांगून तेच पुन्हा घोटत. सारी गोम त्या 'पुन्हा'त आहे. बाळाचा श्वास मोजायचा, ही वरवर पोरखेळ वाटणारी गोष्ट घ्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. वर्षाच्या आतल्याला 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. नियम दहा मिनिटांत पाठ होतो. पण बाळ रडत असताना मोजलं की आकडा चुकतो, दूध पिताना मोजलं की चुकतो, अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तरी चुकतो, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालतच नाही. झबलं वर सारायचं, पोटावर नजर ठेवायची, आजीचे प्रश्न कानाआड करायचे आणि पुरतं मिनिटभर मोजायचं. हे अंगवळणी पडायला बाळांमागून बाळं मोजावी लागतात. चलाख मुलीचा इथे थोडा घातच होतो: नियम चटकन कळल्यामुळे ती लवकर अंदाजावर येते. जिला स्वतःच्या हुशारीचा भरवसा नसतो, ती दर वेळी घड्याळ काढते.

यावर कुणी म्हणेल, निवड झाली होतीच की. गावाने त्यातल्या त्यात गुणी बाईच पुढे केली असणार. खरं आहे, पण गावाने पाहिला तो स्वभाव आणि वेळ देण्याची तयारी. निदान करण्याची प्रतिभा काही पाहिली नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बालमृत्यू घटले ते बोअरवेलच्या पाण्याने, पोषणाने, लसींनी; श्रेय एकट्या या बायकांना कसं? एकटीला नाहीच. पण हातपंप एकदा बसवला की पाणी येतं. लसीची तारीख मात्र दर घरी, दर महिन्याला, कुणीतरी आठवून द्यावी लागते. शिवाय गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि तेही तुलनेला शेजारची गावं घेऊन. शस्त्रक्रियेसाठी वेगळा हात लागत असेल, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. गावातली बहुतेक बाळं शस्त्रक्रियेवाचून दगावत नव्हती.

2005 मध्ये 'आशा' योजना आली ती आठवी पासची अट घेऊन. सुरुवातीचं प्रशिक्षण 23 दिवसांचं ठरलं, पुढे त्यात भर पडली. आता अट आणखी वर न्या, म्हणजे कामाचा दर्जा सुधारेल, असा सूर ऐकू येतो. मला तो उफराटा वाटतो. सातत्याचं गुणगान करून मोबदला तुटपुंजा ठेवणं हीही लबाडीच. सरावाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि ती कुणीतरी भरून द्यायला हवी. तेव्हा तालुक्याच्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: आशांच्या मासिक बैठकीचा पहिला तास नोंदवह्यांना देऊ नका. तो श्वास मोजण्याला द्या, आणि त्या दिवसाचे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवा.