दिग्व्रत आणि दूरचा रस्ता

श्रावकाच्या बारा व्रतांत पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते येतात. गुणव्रतांपैकी पहिले दिग्व्रत. दाही दिशांना नदी, पर्वत, नगर अशा प्रसिद्ध खुणांनी मर्यादा आखून घ्यायची आणि आयुष्यभर तिच्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, असे त्याचे स्वरूप आहे. व्यापारी घराला या व्रताचा अर्थ अधिक जवळून कळतो. पाय जिथवर जातात तिथवर हिशेब जातो, आणि हिशेबाच्या मागोमाग लोभही जातो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका घरात या व्रतामुळे गेल्या वर्षी मोठा पेच निर्माण झाला. घरातील वडीलधाऱ्या आण्णांनी २०१२ साली कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर मुनिमहाराजांच्या साक्षीने दिग्व्रत घेतले होते. उत्तरेस हिमालय, दक्षिणेस कन्याकुमारी, पूर्वेस श्री सम्मेदशिखर आणि पश्चिमेस समुद्रकिनारा, ही त्यांची मर्यादा. पुढे दुबईच्या एका व्यापाऱ्याने प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरला, तेव्हा आण्णा गेले नाहीत. तो व्यवहार दुसऱ्या पेढीकडे गेला. चिरंजीवांना त्याची रुखरुख लागून राहिली, आण्णांना नाही.

लेक सहा वर्षांपासून न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे राहते. आईने एकदा तरी यावे, हा तिचा हट्ट होता. आक्कांना साठावे वर्ष लागले तेव्हा चिरंजीवांनी बेत मांडला. सर्वांनी जायचे, तिथे मोटार भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवीत तो देश पाहायचा. तिथेही वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीत छापलेला आपला वाहन परवाना चालतो. चिरंजीव आणि जावई आळीपाळीने गाडी चालविणार होते. राहता राहिला प्रश्न आण्णांचा.

चिरंजीव एके दिवशी म्हणाले, "आण्णा, पश्चिमेची मर्यादा थोडी कमी करा आणि पूर्वेची तेवढी वाढवा. बेरीज तीच राहील."

आण्णा हसले. "तू हिशेब बरोबर केलास, पण शास्त्राने तो आधीच पकडला आहे. याला क्षेत्रवृद्धी म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताच्या पाच अतिचारांत तिची गणना आहे."

मग आण्णांनी जायचे नाही, बाकीच्यांनी जायचे, असे ठरू लागले. पण आक्कांनी नकार दिला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या आठ दिवसांहून अधिक काळ घराबाहेर राहिल्या नव्हत्या. आण्णांनी समजावले, "व्रत माझे आहे. त्याची बेडी तुझ्या पायात कशाला?"

आक्का क्वचितच उलट बोलत. त्या दिवशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सीमा आखलीत तेव्हा मला विचारले नाहीत. सीमा तुमची होती, पण कुंपण मलाही पडले. लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना मी गेले नाही, ते काय माझ्या व्रतामुळे?"

आण्णांकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या रात्री सामायिक आटोपल्यावरही ते बराच वेळ आसनावर बसून राहिले. व्रत निर्दोष पाळल्याचे समाधान त्यांना बारा वर्षे होते. त्या व्रताचा काही भार न मागता दुसऱ्याच्या खांद्यावर गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांनी एक कोरी वही आणि न्यूझीलंडचा मोठा नकाशा आणला. ते आक्कांना म्हणाले, "मी येणार नाही. पण तुझा प्रवास मीच आखून देईन. तुला पटला तर जा."

चिरंजीवांनी संगणकावर आधीच एक आराखडा केला होता. बारा दिवसांत दोन्ही बेटे पाहायची. ऑकलंडला उतरायचे, सुमारे साडेसहाशे किलोमीटर दक्षिणेस वेलिंग्टनला यायचे, तिथून गाडीसह बोटीने सामुद्रधुनी ओलांडून पिक्टनला आणि मग खाली क्वीन्सटाउनपर्यंत. आण्णांनी चाळीस वर्षे हळदीच्या मालगाड्या रवाना केल्या होत्या. चालकाचा थकवा त्यांना अंतरावरून कळे. त्यांनी पहिली रेघ मारली ती उत्तर बेटावर.

"एवढे दूर जायचे आणि अर्धाच देश पाहायचा?" चिरंजीवांनी विचारले.

"सगळे पाहायला जाणारा मुक्काम मोजून येतो," आण्णा म्हणाले. "दक्षिण बेट पाहा, पण नीट पाहा."

मग त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले. कोणत्याही दिवशी सुमारे अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक प्रवास नाही. दुपारी चारच्या आत मुक्काम. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. तिसऱ्या नियमामागे केवळ सुरक्षितता नव्हती. रात्री दिव्यांच्या झोतात किडे काचेवर आपटतात आणि निशाचर प्राणी रस्त्यावर येतात. मोटारीने हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे आण्णा जाणून होते. जी टाळता येते ती टाळावी, इतकाच त्यांचा आग्रह होता.

काळही त्यांनीच ठरविला. चातुर्मासात जायचे नाही. कार्तिकातील अष्टाह्निका पर्व झाले की निघायचे आणि नव्या हळदीची आवक सुरू होण्यापूर्वी परतायचे. तो काळ म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचा आरंभ. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळ्याची सुरुवात असते, दिवस मोठे असतात आणि टेकापो सरोवराच्या काठी ल्युपिनची जांभळी, गुलाबी फुले बहरलेली असतात.

मोठ्या दिवसांमुळे एक वेगळाच प्रश्न आला. आक्कांचा रात्रिभोजनाचा त्याग लग्नापासूनचा. त्या काळात तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दोन घटिका आधी म्हणजे सव्वाआठपर्यंत जेवण चालेल, असा हिशेब आण्णांनी मांडला. आक्का म्हणाल्या, "सूर्य उशिरा मावळतो म्हणून भूक उशिरा लागत नाही. मी सहालाच जेवेन." विमानात रात्रभर चारही आहारांचा त्याग करायचा, हेही त्यांनीच ठरविले. बेत आखताना आक्कांनी दिलेला हा पहिला शब्द. वहीत तो आण्णांनी चौथा नियम म्हणून लिहिला.

मार्ग असा ठरला. क्राइस्टचर्चला लेकीकडे तीन रात्री. तिथून सव्वादोनशे किलोमीटरवर टेकापो, तिथे दोन. त्या परिसरातील आकाश कृत्रिम प्रकाशापासून राखलेले आहे आणि २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय गडद आकाश क्षेत्राचा मान मिळाला. आपल्या व्रताचे आणि त्या मानाचे वर्ष एकच, याची आण्णांना गंमत वाटली. पुढे पुकाकी सरोवराच्या काठाने क्वीन्सटाउन, दोन रात्री. मग ते आनाऊ, तीन रात्री. तेथून मिलफर्ड साउंडचा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा. वाटेत होमर बोगदा लागतो, तो एक किलोमीटरहून थोडा लांब. ते आनाऊ सोडताना इंधनाची टाकी भरून घ्यायची, अशी नोंद आण्णांनी लाल शाईने केली. मिलफर्डला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. "पावसाने एक दिवस बुडाला तर दुसरा हातात हवा," म्हणून तिथे तीन रात्री.

त्यानंतर वानाका, दोन रात्री. वानाकाहून हास्ट खिंडीतून फ्रान्झ जोसेफ हिमनदीकडे जाणारी वाट एका दिवसात करण्याचा चिरंजीवांचा विचार होता. ते अंतर २८५ किलोमीटर, वळणावळणाचे. आण्णांनी मध्ये हास्टला एक रात्र घातली. मग फ्रान्झ जोसेफला दोन, समुद्रकाठच्या होकिटिकाला एक आणि आर्थर्स पास ओलांडून पुन्हा क्राइस्टचर्चला तीन. एकूण एकोणीस रात्री.

त्या रस्त्यांवर अनेक पूल एकपदरी आहेत. पुलाच्या तोंडाशी दोन बाणांची पाटी असते. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. हळू चालणाऱ्या गाडीने जागा मिळताच बाजूला होऊन मागच्यांना वाट करून द्यावी, अशीही तिथे रीत आहे. आण्णांना हे फार आवडले. "मुनींची ईर्यासमिती आपल्याला साधायची नाही," ते चिरंजीवांना म्हणाले, "पण समोरच्याला वाट देणे तरी साधेल."

गाडीच्या विम्याची अट चिरंजीव वाचणार नाहीत, हे ओळखून ती आण्णांनी स्वतः वाचली. अपघात झाल्यास किती रक्कम आपल्याला भरावी लागेल आणि खडीच्या रस्त्यावर विमा लागू राहतो की नाही, या दोन गोष्टी सही करण्याआधी विचारायच्या, असे त्यांनी लिहून ठेवले. मुक्काम हॉटेलात न करता स्वयंपाकघर असलेल्या मोटेलमध्ये करायचा, हे आक्कांनी सांगितले. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या माणसाने परक्या देशात आपला तवा आपल्याजवळ ठेवावा, हे त्यांचे मत सर्वांना पटले. कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची, मटार, डाळ, तांदूळ तिथल्या दुकानांतून मिळतात. पाणी गाळण्याचे फडके मात्र इथूनच न्यायचे होते.

बांधून काय न्यायचे, यावर दोन दिवस चर्चा झाली. त्या बेटांनी आपली शेती आणि जंगले बाहेरच्या किडीपासून व रोगांपासून कसोशीने जपली आहेत. ताजी फळे, भाज्या, मध नेता येत नाही. दुग्धजन्य पदार्थांवर कडक बंधने आहेत. बुटांना लागलेली मातीसुद्धा तपासली जाते. जो खाद्यपदार्थ असेल तो विमानतळावर जाहीर करावाच लागतो, न केल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. लेकीने फोनवर सुचविले की, थोडी मेतकुटाची पुडी कपड्यांत राहिली तर कोणाला कळणार? आण्णांनी फोन हातात घेतला. "आपल्या दुकानात काट्याला हात लावत नाहीत, बाई. तिथेही लावायचा नाही. आहे ते सांगायचे. ठेवून घेतले तर ठेवून घेतले." त्यांनी यादी इंग्रजीत लिहून काढली: पापड, मेतकूट, चिवडा, हळदपूड. हळदपुडीच्या पुढे वजनही लिहिले.

मिलफर्डला आणि पश्चिम किनाऱ्यावर बारीक माशा फार चावतात, असे लेकीने कळविले होते. आक्कांनी पूर्ण बाह्यांचे झंपर शिवून घेतले आणि मोजे घेतले. "अंग झाकले की हात उगारायची वेळ येत नाही," इतकेच त्या म्हणाल्या. प्रवासाला त्या मनाने निघाल्या आहेत, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

फोनची वेळही ठरली. त्या दिवसांत तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते. आण्णा सकाळी साडेनऊला यार्डात जाण्यापूर्वी फोन घेतील, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच झालेले असतील. चारच्या मुक्कामाचा नियम त्यामुळे आणखी पक्का झाला. तिकडून काय आणू, असे सुनेने विचारले तेव्हा आण्णांनी मान हलविली. सीमेबाहेरून वस्तू आणविणे हा खरे तर देशव्रताचा अतिचार आहे. त्यांचे व्रत दिग्व्रत. तरीही ते म्हणाले, "जिथे मी जाणार नाही, तिथले काही हातात नको. तुम्ही सुखरूप या."

निघण्यास चार दिवस उरले असताना आक्कांनी ती वही मागून घेतली. आण्णांनी रोजकीर्दीच्या सवयीने प्रत्येक दिवसाचे दोन भाग केले होते. डाव्या पानावर मुक्काम, अंतर, सूर्योदय, सूर्यास्त. उजवे पान खर्चासाठी कोरे. आक्कांनी खर्चाचे सदर खालच्या चार ओळींत ढकलले आणि वरच्या कोऱ्या जागेत दोन संध्याकाळी बसून लिहिले. ज्या दिवशी टेकापो, त्या दिवशी आण्णांचे रक्तदाबाचे औषध संपते, दिवाणजींना सांगून आणवावे. ज्या दिवशी मिलफर्ड, त्या दिवशी चतुर्दशी, उपवास. पारण्याला शेजारच्या वहिनी मुगाचे कढण देतील. ज्या दिवशी हास्ट, त्या दिवशी गॅसची टाकी बदलावी. एकोणीसही दिवस त्यांनी असे भरले.

वही परत आली तेव्हा आण्णांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग चिरंजीवांना बोलावून तिची एक प्रत काढून आणण्यास सांगितले. मूळ वही आक्कांच्या सामानात गेली आणि प्रत आण्णांच्या गादीजवळच्या पेटीत. दोघांनाही एकाच दिवशी तेच पान उघडता यावे म्हणून.