होडी घरी आली

आम्ही होडी घेतल्याची बातमी वाडीत पसरली, तेव्हा शेजारच्या काकूंनी होडी केवढी, किमतीला केवढ्याला, असलं काही विचारलं नाही. माझ्या हातांकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "आणि पाटल्या गं?"

हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, तेव्हा प्रश्न बरोबरच होता. माहेरच्या पाटल्या बँकेत तारण होत्या आणि होडी रत्नागिरीला होती. दोन्ही घरी आणायच्या होत्या. त्यांतली एक आली, तिची ही हकीकत.

वाघोटण नदी समुद्राला मिळते तिथे विजयदुर्गाचा किल्ला आहे. त्या खाडीत आत आमचं गाव. ह्यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते. हे मात्र पंधरा वर्षं मुंबईला कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होते. गावी परत आलो तरी पाण्याची ओढ काही सुटली नव्हती. त्यात जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले आणि त्यांत आमचा विजयदुर्ग आला. किल्ला पाहायला येणाऱ्यांना खाडी दाखवायला होडी हवी, असं ह्यांनी घेतलं. प्रवासी न्यायचे म्हणजे परवाना आला, तपासणी आली, पण ते सगळं नंतरचं. आधी होडी. मिरकरवाडा बंदरात एक सव्वीस फुटी फायबरची होडी मिळाली. जुनी, पण अंगाने धड. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. दोन मोसम किनाऱ्यावर पडून होती म्हणून आमच्या आवाक्यात आली.

"ट्रकवर घालून आणा," असं मी म्हटलं. "होडी पाण्यातून घरी येते," असं हे म्हणाले. मग मीही म्हटलं, "तर मीही पाण्यातूनच येते." पाटल्या माझ्या होत्या ना!

दिवस ठरवायला पंचांग काढलं. आपल्याकडचा जुना हिशेब बऱ्याच जणींना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईचा. आमच्या बाजूला पाणी त्याच्या थोडं आधी चढतं. रत्नागिरी ते विजयदुर्ग पंचवीसेक सागरी मैल, होडीचा वेग ताशी सहा मैल. पौर्णिमेला सकाळी साडेसहाला निघालो तर अकराच्या सुमारास भरलेल्या खाडीतून थेट घरच्या धक्क्याला. आमचा धक्का असा आहे की ओहोटीला तिथे होडी नाही, खेकडे फिरतात.

पण 2025 सालची दत्तजयंतीची पौर्णिमा आली नेमकी गुरुवारी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी. सासूबाई म्हणाल्या, "घरात महालक्ष्मीचा घट मांडायचा आणि घरची सून दर्यावर?" आमच्याकडे बाईमाणूस होडीत बसतं ते पलीकडे जाण्यापुरतं. मी म्हटलं, "आई, घट तुम्ही मांडा. उपास मी होडीत करते." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे परवानगी नव्हे, हे मला माहीत आहे.

आदल्या दिवशी मिरकरवाड्याला पोचलो. हे इंजिनात डोकं घालून बसले आणि मी सामान लावलं. जादा डिझेलचा वीस लिटरचा कॅन, प्यायचं पाणी, दोन जीवरक्षक जाकिटं, आल्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, केळी आणि माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर चिठ्ठीवर लिहून तीही डब्यात ठेवली. हे हसले. "लग्नाला निघाल्यासारखी तयारी आहे," म्हणाले.

मग माझं लक्ष नांगराकडे गेलं. नांगराला दोर बांधलेला होता, दोराचं वेटोळं नीट घातलेलं होतं, पण दुसरं टोक मोकळंच! लहानपणी विहिरीवर असाच दोराचा शेवट न पाहता मी पोहरा सोडला होता. दोरासकट पोहरा तळाला गेला आणि आईचा मार अजून आठवतो. मी ते टोक होडीच्या नाळेवरच्या खुंट्याला चांगल्या दोन गाठी मारून बांधलं. ह्यांना सांगितलंही नाही. सांगायसारखं ते वाटलंच नाही.

गुरुवारी उजाडायच्या आत निघालो. किनाऱ्याकडून मतलई वारा येत होता. त्याला मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. समुद्र ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट. रत्नदुर्ग मागे पडला, भाट्याची सुरूची झाडं गेली. पावसला जमिनीवरून आपण किती वेळा गेलो असू, पण पाण्यातून तो किनारा ओळखू येईना. आपलंच घर मागच्या दाराने पाहावं तसं झालं.

ह्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हाती दिला. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. हे कळायला मला अर्धा तास लागला. तोवर आमच्या मागच्या फेसाची रेघ चकलीसारखी वळत होती. पूर्णगड आला. मुचकुंदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला उन्हात नुकता उजळत होता. गावखडी गेली. मी मनात म्हटलं, एवढंच होतं तर इतकं भ्यायचं काय कारण होतं?

कशेळीच्या कड्यांसमोर इंजिन खोकलं, दोनदा आचके दिले आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडल्यावरची शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. किनाऱ्यावर लाटा फुटल्याचा आवाज तोवर कानांवर आलाच नव्हता, तो एकदम आला. काळ्या कातळाचे कडे, त्यांच्या पायाशी पांढरा फेस. मतलई वारा पडला होता आणि समुद्राकडून वाऱ्याच्या पहिल्या झुळका येऊ लागल्या होत्या. म्हणजे होडी जाणार ती कड्यांकडेच.

"आधी नांगर!" हे ओरडले. मी नांगर सोडला. दोर सरसर गेला, गेला, वेटोळं संपलं आणि शेवटी नाळेला हिसका बसला. टोक खुंट्यावर घट्ट होतं. ह्यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ते इंजिनाकडे वळले.

कशेळीच्या कनकादित्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. वेरावळकडून सूर्याची मूर्ती घेऊन निघालेलं व्यापाऱ्याचं जहाज इथेच अडलं म्हणतात. मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत उतरवून ठेवली, तेव्हा कुठे ते हललं. मी मनात म्हटलं, देवा, आमच्याकडे उतरवायला काही नाही. होतं ते बँकेत आहे.

ह्यांनी मला एक काम दिलं. किनाऱ्यावर एक पांढरट दगड आणि त्याच्या मागे चढावर एकटाच माड. "दगड आणि माड एका रेषेत आहेत ना? तसेच राहिले तर नांगर धरून आहे. माड बाजूला सरकायला लागला तर होडी ओढली जातेय. लगेच सांग. मग तो नंबर लावायचा."

तीन तास मी त्या माडाकडे पाहत बसले. होडी अशी डोलत होती की पोटातलं पाणी हलावं. उपाशीपोटी दोनदा उलटी झाली, आल्याची वडीही टिकली नाही. पण दूध उतू जाऊ नये म्हणून आपण पातेल्याकडे पाहतो ना, डोळा हलवत नाही, तसं पाहत राहिले. मागे पान्यांचे आवाज येत होते. ह्यांनी फिल्टर बदलला, नळीत शिरलेली हवा काढली, इंजिन लागलं. मी सुटकेचा श्वास टाकते तोच दहा मिनिटांत पुन्हा बंद! तेव्हा खरं कारण कळलं. दोन मोसम पडून राहिलेल्या टाकीच्या तळाशी गाळ साठला होता. बंदरात होडी स्थिर होती तोवर तोही स्थिर होता. समुद्रात टाकी घुसळली गेली आणि तो वर आला. जादा फिल्टर एकच होता, तोही भरला.

"आता?" मी माडावरची नजर न काढता विचारलं.

"आता टाकी विसरायची," हे म्हणाले. "तुझा कॅन कुठे आहे? आणि ती साडी?"

कॅनमधलं डिझेल स्वच्छ होतं, तरी साडीची दुहेरी घडी करून ते धुतलेल्या बादलीत गाळलं आणि पुन्हा कॅनमध्ये भरलं. फिल्टर त्याच डिझेलने जमेल तेवढा खळबळून घेतला. इंजिनाची नळी टाकीतून काढून सरळ कॅनमध्ये सोडली, पुन्हा हवा काढली. बारा वाजत आले होते. इंजिन लागलं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत होतो, तापातून उठलेल्या मुलाकडे पाहावं तसे. वीस मिनिटांनी ह्यांनी नांगर उचलला.

तिथून पुढे हे कॅनजवळ बसले आणि सुकाणू माझ्याकडे राहिलं. वारा आता मागून येत होता. लाट मागून उचलायची आणि होडी आडवी व्हायला बघायची. लाट यायच्या आधीच दांडा जरासा द्यायचा, ती गेली की परत घ्यायचा. आंबोळगड, मुसाकाजी, जैतापूरचा दीपस्तंभ एकामागून एक गेले. माझ्या तळहाताला फोड आले ते नंतर कळलं.

अडीच वाजून गेल्यावर विजयदुर्ग दिसला. एरवी हा किल्ला आम्ही पाहुण्यांना दाखवतो. आज पाहुण्यासारखी मीच त्याच्याकडे तोंड करून येत होते. पाण्यातून उठलेले बुरूज, एकामागे एक तिहेरी तट. 1653 साली शिवाजी महाराजांनी घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं, हे मी मुलांना वर्गात सांगते. पण समुद्राकडून येणाऱ्याला तो किती मोठा दिसत असेल, हे मला त्या दिवशी समजलं.

किल्ल्याच्या आडोशाला पाणी एकदम शांत झालं. पण आमची भरती केव्हाच निघून गेली होती. ओहोटी जोरात होती आणि घरच्या धक्क्याला चिखल. नांगर टाकून थांबण्यावाचून उपाय नव्हता. घरी फोन करून सांगितलं, "किल्ल्याजवळ आहोत, रात्री पाणी चढलं की येतो." सासूबाईंनी विचारलं, "दोघं?" मी म्हटलं, "दोघं." फोन ठेवला गेला.

ज्या पाण्यात आम्ही बसलो होतो, तिथेच फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. खाडीत थोडं आत मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदीही आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी ओसरलं की उघड्या तळाची डागडुजी करायची. अशा जागी बसून आमचं भांडण झालं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण इतकं स्पष्ट कधी बोललो नव्हतो. टाकी उघडून का पाहिली नाही, हे मी विचारलं. घाई झाली, पैसे देऊन टाकले होते, वाईट निघाली तर तुला काय तोंड दाखवू ही भीती होती म्हणून पाहिली नाही, असं ते म्हणाले. भीतीपोटी माणूस तपासायचंच टाळतो, हे मला नवीन नव्हतं. दुखणाऱ्या दाढेचं मीही तेच करते. मी एक केळं त्यांना दिलं आणि एक स्वतः खाल्लं.

सूर्य बुडाला आणि खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरामागून चंद्र आला. दत्तजयंतीचा पूर्ण चंद्र. पाणी आधी थबकलं, मग हळूच आत वळलं. नांगराच्या दोराभोवतीचा कचरा उलट्या बाजूला जाऊ लागला, त्यावरून कळलं. साडेसातला निघालो. समोर चंद्र, पाण्यावर त्याची वाट, दोन्ही काठांवर काळी झाडं. इंजिन अगदी हळू. हे पुढे उभे राहून हात करत होते, मी त्याप्रमाणे दांडा वळवत होते.

धक्क्यावर कंदील दिसला. सासूबाई आणि अर्धी वाडी उभी होती. होडी टेकल्यावर त्यांनी आधी तिच्या नाळेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग माझ्यावरून, नव्या नवरीवरून टाकतात तसा. मग मुलाला विचारलं, "वाटेत इंजिन बंद पडलं तेव्हा होडी कोणी सांभाळली?"

"हिने," हे म्हणाले. "आणि नांगराचा दोरही हिनेच बांधला होता."

आमच्याकडे खाडीला नारळ घरातला पुरुष देतो. सासूबाईंनी घटापुढचा नारळ आणलेला होता. तो त्यांनी कंदिलाच्या उजेडात माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. तळातून दोन वाट्या काळा गाळ निघाला. टाकी धुतली, फिल्टर तीन आणून ठेवले. तपासणीला माणूस येऊन गेला, परवान्याचे कागद अजून फिरताहेत. पाटल्याही अजून बँकेतच आहेत. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला असतो.